लखन अजून पोचला नाही

बमरोली, सुरत
१७ एप्रिल

प्रिय लखन,

पत्र बघून घाबरू नकोस. आपले आप्पा अजून आहेत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू शेवटच्या ओळीपासून वाचायला घेशील. लहानपणापासून तुझी तीच खोड. तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. म्हटलं, कागद तरी तुला कट करता येणार नाही.

इकडे उन्हाने जीव नकोसा केलाय. तुझे दाजी हजीऱ्याहून ड्यूटी करून येतात ते आधी मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओततात, मगच बोलतात. मी घरी साड्यांचं धागा कटिंग करते. साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचे, सोपं काम, पण दुपारपर्यंत खोलीभर रंगीत धागे होतात. त्या कचऱ्याबद्दलच लिहायचंय, पण आधी तुझ्या त्या रस्त्याबद्दल.

फेब्रुवारीत तू एस्टोनियातल्या गोठलेल्या समुद्रावरून गाडी नेल्याचा व्हिडिओ पाठवलास, तेव्हा आम्ही किती हसलो होतो! पांढराशुभ्र सपाट समुद्र, दोन्ही बाजूंना बर्फात खोचलेल्या झुडपांच्या फांद्या, आणि तू ओरडतोयस, ‘आप्पा, जुओ, दरियावरून गाडी!’ पट्टा लावायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, पुढच्या गाडीच्या जवळ जायचं नाही, असे तिथले नियम सांगत होतास. पट्टा का नाही, तर बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. हे तू हसत सांगितलंस, शहाण्या! आप्पांनी तो व्हिडिओ चहाच्या टपरीपासून गिरणीच्या गेटपर्यंत सगळ्यांना दाखवला. फक्त तो मध्येच संपतो. थंडीने तुझा मोबाइल बंद पडला आणि पलीकडचा किनारा त्यात आलाच नाही. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

आप्पांचं विसरणं तेव्हा बेताचंच होतं. चष्मा विसरायचे, गल्ली चुकायचे. मग रोज संध्याकाळी विचारायला लागले, लखन पोचला का? मी म्हणायचे, पोचला, जेवला, कामावरही गेला. मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी एकदा चिडून बोलले सुद्धा, त्याची लाज अजून वाटते. म्हणून मार्चमध्ये तुझ्याकडे दुसरा व्हिडिओ मागितला, त्याच जागेचा, पलीकडचा किनारा दिसेल असा. तू बिचारा सुट्टी काढून गेलास. पण तोवर बर्फ वितळला होता, रस्ता उरला नव्हता, तू बोटीतून व्हिडिओ काढलास. मी बघितला, बोट किनाऱ्याला लागते हे दिसलं, आणि खुशीत आप्पांच्या हातात दिला. माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. त्यांना किनारा दिसलाच नाही. दिसलं ते पाणी. ‘रस्ता गया, पोऱ्या कठे गया?’ एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

त्या दिवसापासून घरात झाडू मारू देत नाहीत. आपल्यात माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढत नाहीत, तुला आठवत असेल. आप्पा पहिल्यांदा सुरतेला आले, तेव्हा आजीने नऊ दिवस घर झाडलं नव्हतं. इथल्या उधना स्टेशनाहून टाकलेलं कार्ड गावी पोचलं तेव्हा कुठे तिने खराटा हातात घेतला. तो सगळा किस्सा आप्पांना अजून पाठ आहे. आता ते झाडू उशाखाली घेऊन झोपतात. ते आंघोळीला गेले की मी हाताने धागे गोळा करते, चोरासारखी. पण जेवणाचं काय करू? अर्धी भाकरी खातात आणि उरलेली झाकून ठेवायला लावतात, तुझ्यासाठी. दोन महिन्यांत आठ किलो उतरलेत. डॉक्टर म्हणतात, गेलेली आठवण परत येणार नाही, पोटात अन्न जाऊ द्या. ते कसं जाऊ द्यायचं, हे काही ते सांगत नाहीत.

आणि तो व्हिडिओ कॉल. लखन, मला माहीत आहे तू का फोन उचलत नाहीस. तू समोर होतास, धडधाकट, दाढी वाढलेली, आणि आप्पांनी तुला हात जोडले. ‘साहेब, तठे आमना लखन दिसना ते त्याले सांगा, बाप वाट देखी ऱ्हायना.’ बाप वाट बघतोय, हा तुझा निरोप तुझ्याच हातात. तू फोन ठेवलास. मी पण मोरीत जाऊन रडले. तुझ्यावर माझा राग नाही. तिथे राहायचे तुझे कागद अडकलेत, आत्ता निघालास तर परत जाता येणार नाही, हे मला कळतं. आणि खरं सांगू, आलास तरी ते तुला साहेबच म्हणतील अशी भीती वाटते. ये म्हणायला सुद्धा मला तोंड नाही.

पण मागच्या सोमवारी मी एक लबाडी केली. पोस्टाचं कार्ड आणलं, तुझ्या नावाने लिहिलं, ‘सुखरूप पोचलो’, आणि आप्पांना दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात तीस वर्षं कापड तपासलं तसं अक्षरावरून बोट फिरवलं, उलटून पाठीमागे पेनाचा दाब चाचपला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हाई ते तुनं अक्षर शे, बेटा.’ तुझा चेहरा ओळखत नाहीत रे, पण अक्षर ओळखतात. म्हणून हे पत्र. सोबत कोरं कार्ड ठेवलंय, पत्ता मी घातलाय. मोबाइलवरून फोटो नको, ते बोटाला लागत नाही. तुझ्या हाताने दोन शब्द लिही, दाबून लिही, मराठी लिहून वर्षं झाली असतील तर आधी सराव कर. पाकिटात घालून जे सगळ्यात लवकर पोचेल त्याने पाठव. काल मी किराण्याची यादी लिहीत होते. आप्पांनी कागद हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, ‘हाई कोनं अक्षर शे?’

तुझीच,
योगीताई