तांब्यावर आईचं नाव

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९.१०
मशीन आलं. दिसायला पेन, आवाज दातांच्या डॉक्टरचा. स्टील, पितळ, काच, सगळ्यावर कोरतं.
निश्चय: महिन्याभरात घरातली प्रत्येक वस्तू पर्सनल करणार. दुकानातून आणलेली वस्तू कुणाचीही असते. आपल्याला जे महत्त्वाचं ते तिच्यावर आलं, की ती आपली. हा विचार माझा स्वतःचा. (व्हिडिओत जरा वेगळ्या शब्दांत होता.)

सकाळी ११.४०
पहिला मान माझ्या डब्याला. ‘केतन पंढरी पाटील, बोनकोडे’. जागा कमी पडली म्हणून ‘डे’ झाकणावर घेतलं. डबा बंद केला की व्यवस्थित वाचता येतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ऑफिसात डबा मुद्दाम टेबलावर ठेवला. शेजारच्या धम्मपालने विचारलं, बोनको ही कुठली कंपनी. जेवताना झाकण काढलं होतं. लोकांना घाई फार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बायकोच्या पाण्याच्या बाटलीवर ‘सुचीता’ कोरलं. तिचं म्हणणं, चि पहिली. मी म्हटलं, दीर्घ आदरासाठी आहे. मग कुकरवर ‘संयम’ कोरलं. मला तिच्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिने विचारलं, कुकर मी वापरते तर मला काय महत्त्वाचं ते तुम्ही कसं ठरवलं? एकवीस वर्षांचा संसार आहे, मला माहीत असणारच.
आधी विचारायचं तरी, असं मितालीचं मत. मुलगी एकोणीस वर्षांची. कॉलेजात अशी मतं फुकट मिळतात.
माघार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
आज आईचा नंबर. तिचा पितळी तांब्या, माहेरून आणलेला, कायम उशाशी. घरातली एवढीच जुनी वस्तू आणि तिच्यावर अजून नाव नाही. ‘भागीरथी पंढरी पाटील’ कोरतो म्हणालो. ती म्हणाली, बायजा लिव.
कोण बायजा?
“माजा नाव बायजा हाय. भागीरथी लग्नान ठेवला, तुज्या आज्यानं.”
मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. मला हे आज कळतंय. सत्तराव्या वर्षी माणूस थोडं इकडचं तिकडे करतं, म्हणून आधार कार्ड आणून दाखवलं. स्पष्ट लिहिलंय, भागीरथी.
“आदार कार्डान पानी पितस काय?” म्हणाली आणि तांब्या पदराखाली घेतला.
वस्तूवर महत्त्वाचं तेच यायला हवं. आईच्या आयुष्यात महत्त्वाचे बाबा. ते जाऊन आठ वर्षं झाली म्हणून काय झालं? तिला कळत नसेल, तर मला कळतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आई अंघोळीला गेली तेवढ्यात काम उरकलं. ‘भागीरथी पंढरी पाटील’, एका ओळीत, जागा पुरली. आजवरचं बेस्ट काम. खाली कमळ काढलं. कोबीसारखं आलंय, पण उठून दिसतं.

रात्री १०
आईला वाचता येत नाही. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिवलाय ते मितालीला विचारलं. मितालीने वाचून दाखवलं. आई रात्रीचं पाणी प्लास्टिकच्या ग्लासातून प्यायली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
अजून प्लास्टिक. सुचिताही माझ्याशी मोजून मापून बोलते. हे प्रेशर टेक्निक आहे. मी प्रेशरखाली येणारा माणूस नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर
पॉलिश पेपर आणला. वेगळ्या कामासाठी. सहज म्हणून तांब्यावर घासून बघितला. ‘पाटील’ बऱ्यापैकी गेलं. भागीरथी आणि कोबी पक्के आहेत. कोरीव काम किती खोल झालंय, हे यावरून सिद्ध होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ४
मशीनच्या आवाजाने जाग आली. आई पलंगावर बसलेली, मशीन तिच्या मुठीत, मितालीने तिची मूठ धरलेली. तांब्याच्या दुसऱ्या बाजूला ‘बायजा’ उमटत होतं. एवढ्या वर्षांत आईने स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं. सही करतानासुद्धा अंगठाच असतो. ‘जा’चा काना घसरत थेट बुडापर्यंत गेला. पेन आडवं धरा, मी सांगितलं.
“तू गप बस. लिवतंय मी.”
अक्षर वाकडं आहे. रेघ अजिबात सरळ नाही. मी करून दिलं असतं तर छान झालं असतं. मला कोणी म्हणालं नाही.
लिहून झाल्यावर तिने पाणी मागितलं. सुचिताने तांब्या भरून दिला. आईने तो गटागटा रिकामा केला.

रविवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
मशीन आठवडाभर आईच्या उशाशी आहे. दोनदा मागितलं. बघू, म्हणाली.
आज बिल्डिंगमधल्या तीन म्हाताऱ्या आल्या. एकीची परात, एकीचा डबा, एकीची नुसती वाटी. तिघींची माहेरची नावं वेगळीच निघाली. हॉलमध्ये मितालीने एकेकीची मूठ धरून तासभर मशीन चालवलं आणि चौघी मुलींसारख्या हसत होत्या. अक्षराची जाडी तरी सारखी ठेवा, हे सांगायला मी दोनदा बाहेर आलो. मला चहा टाकायला सांगितलं.
पाच कप नेले. चौथ्या मजल्यावरच्या आजी मला नीट ओळखत नाहीत. कप घेताना त्यांनी विचारलं, बायजाचा मुलगा ना तू?
मी हो म्हणालो. चहात साखर कमी होती, ती आणायला आत गेलो.