मार्थाला गुड मॉर्निंग

रॉचडेल,
८ नोव्हेंबर २०११

प्रिय डॉर्कस,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. तुझे आणि सिरिलचेही बरे असावे. गुडघा कुरकुरतो, तरी चॅपलला चालतच जाते. बसचे भाडे वाचते.

लिहिण्यास कारण, संडे स्कूलच्या कपाटात तू ठेवलेली ती कादंबरी. मुखपृष्ठावरच्या उडत्या जहाजावरून चॅपलच्या मंडळात कुरबुर झाली. मिस्टर ऑग्डेन मला म्हणाले, "मिसेस प्लॅट, तुम्हीच वाचा. वावगे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमच्या तावडीतून काही सुटायचे नाही." आपण दोघी बहिणी बोलत नाही हे सगळ्या चॅपलला ठाऊक आहे, म्हणून काम माझ्याकडे.

पेन्सिलीला टोक करून बसले. शाळा सुटल्यापासून बायबल आणि घरखर्चाची वही यांपलीकडे मी फारसे वाचलेले नाही. पोरासोरांचे पुस्तक, तासाभरात उरकेल असे वाटले.

अगं, काय पुस्तक आहे! त्यातल्या जगात पेट्रोल कुणाला सापडलेच नाही. सगळे वाफेवर. आपल्या गिरण्या बंदच पडल्या नाहीत, सगळी धुराडी चालू, आणि कापूस आणायला आपल्या माळावरून जहाजे उडतात. टॅम्सिन नावाची सोळा वर्षांची पोर जहाजाचे इंजिन सांभाळते. तिसऱ्या पानावर ती शिवी देते, तिथे खूण केली. पुढे धुक्यात बॉयलर फुटायला आला, तेव्हा पेन्सिल कुठे गेली कळले नाही. नंतर अंबाड्यात सापडली. बटाट्यांचा कोळसा झाला, गॅस फुकट जळत होता, आणि मी मोठ्याने म्हणत होते, "झडप उघड, पोरी, झडप."

मग ते पान आले. सकाळी वाफ सोडण्याआधी टॅम्सिन इंजिनाच्या पितळेवर तळहात ठेवते आणि म्हणते, "गुड मॉर्निंग, अॅराबेला."

मी पुस्तक ठेवले आणि उगाच ओटा पुसला.

आपल्याकडे गिरणीच्या इंजिनांना बायकांची नावे असायचीच. पण आपल्या इंजिनाला, मार्थाला, रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणणारा एक माझा वॉल्टरच, असे मी समजत होते. गिरणी बंद झाली त्या वर्षी तुझ्याकडे चहाला जमलो होतो. सिरिल म्हणाला, "काय वॉल्टर, मार्था तर भंगारात गेली. आता निदान बायकोला तरी गुड मॉर्निंग म्हणतोस ना?" सगळे हसले. वॉल्टरने कप बशीत ठेवला, टोपी घेतली. तो पुन्हा तुझ्या उंबऱ्याला आला नाही, म्हणून मीही नाही. त्याला जाऊन सहा वर्षे झाली. हे पुस्तक त्याला फार आवडले असते.

ओटा पुसून परत आले तेव्हा दिसले, त्या पानाचा कोपरा दुमडलेला. अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच. या सवयीपायी आई तुझ्या हातावर चापट्या मारायची.

मी तो सरळ केलेला नाही.

गुरुवारी मंडळात सांगणार आहे की पुस्तक कपाटात राहील. तिसऱ्या पानावरची खूण खोडली. ऑग्डेन वाद घालतील, तेव्हा माझ्या शेजारी बस. दुसरा भाग आहे म्हणे. तुझ्याकडे असेल तर पोरांच्या आधी मला दे.

आणि शनिवारी सकाळी दोघे या. मार्थाच्या नावाची पितळी पाटी वॉल्टरने भंगारातून सोडवून आणली होती, ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. सिरिलला सांग, आधी तिला गुड मॉर्निंग, मग चहा.

तुझी, आणि अजून वॉल्टरचीही,
नेली