मुखवट्यावरचा चष्मा

३ जानेवारी १९७१
नवीन वर्षाचा संकल्प : विजयाबाईंशी बोलायचं. नगरहून बदली होऊन तिसगावच्या शाळेत क्लार्क झालो, तेव्हापासून मस्टर पुढे करून "इथे" एवढंच म्हणतो. त्या सही करतात. दिवस छान जातो. मी मितभाषी आहे, भित्रा नव्हे.

६ जानेवारी
गॅदरिंगचं बालनाट्य मीच लिहिलं. 'गरुडवीर'. एरवी साधा कारकून, संकट आलं की मुखवटा, झगा, उड्डाण! प्रमुख भूमिका मलाच. पोरं उंचीला कमी पडतात.

१० जानेवारी
प्लॅन पक्का. विजयाबाई गरुडवीरावर भाळणार, मग योग्य वेळी मुखवटा काढायचा. झगा म्हणजे हेडमास्तरांच्या ऑफिसचा पडदा. चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो मुखवट्यावरून लावला. ओळखण्याचा प्रश्नच नाही.

१५ जानेवारी
मुखवटा घालून वर्गावर्गात तिळगूळ वाटला. एकानेही ओळखलं नाही! शिपाई कानिफनाथ एरवी "भाऊसाहेब, जरा तंबाखू" करतो. आज वाकून रामराम. विजयाबाई हसल्या. क्लार्ककडे बघून एकदाच हसल्या होत्या, पण तेव्हा माझ्या शर्टावर शाई सांडली होती.

१९ जानेवारी
टेबलावरून उड्डाण. पाय मुरगळला. टेबलच डुगडुगत होतं.

२० जानेवारी
सकाळी क्लार्क म्हणून लंगडलो, दुपारी तालमीत गरुडवीर म्हणून लंगडलो. कुणीही संबंध लावला नाही. गाव अडाणी आहे.

२२ जानेवारी
विजयाबाईंनी आंबेहळदीचा लेप करून आणला. कुणाला? गरुडवीराला! क्लार्कचा पाय काय लाकडाचा आहे? त्या गरुडवीराचा मला जरा रागच आला.

२६ जानेवारी, संध्याकाळ
नाटक झालं. टाळ्या. झगा खिळ्यात अडकून फाटला, पण ते नाटकातलंच वाटलं असणार.
नंतर विजयाबाई विंगेत आल्या. मी मुखवट्यातच. खाली बघत म्हणाल्या, घरी क्लार्क भाऊसाहेबांचा विषय निघालाय. कोपरगावचंही एक स्थळ आहे. पण दादा आधी भाऊसाहेबांकडे बोलणी करायला यायचं म्हणतात. यावं का त्यांनी?
म्हणजे क्लार्कबद्दल गरुडवीराचा सल्ला! इतकी मेहनत मी करायची आणि मधल्या मध्ये क्लार्कनं बाजी मारायची? आवाज खोल करून सांगितलं, तो अगदीच सामान्य माणूस. नाद सोडा त्याचा.
त्यांचे डोळे भरून आले. बरं, म्हणाल्या आणि गेल्या. गरुडवीरासाठी भरले असणार. क्लार्कचा काटा निघाला.

३१ जानेवारी
आज मुखवटा काढणार होतो. सर्दी झाली.

७ फेब्रुवारी
ऊन फार. पुढच्या रविवारी नक्की.

१३ फेब्रुवारी
कानिफनाथानं पेढा आणला. विजयाबाईंचं ठरलं. कोपरगावचा मुलगा, साखर कारखान्यात केमिस्ट.
म्हटलं, आणि गरुडवीराचं काय?
तो म्हणाला, भाऊसाहेब, तुमीच तर न्हाई म्हनलात बाईंना. मी तितंच झाडत हुतो की.
तो मी नव्हतो, गरुडवीर होता, आणि गरुडवीर कोण हे कुणालाच माहीत नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.
म्हणाला, संक्रांतीपास्नं आख्ख्या गावाला म्हाईत हाय. पन आमच्यात सोंग घेतलेल्याला नावानं हाक मारत न्हाईत. सोंग उतरंपत्तुर त्यो द्येव तर द्येव, राक्षस तर राक्षस. बाई हितल्याच. त्यांनी रीत पाळली.
पेढा अर्धा खाल्ला. उरलेला कागदात गुंडाळून ठेवला.

१५ फेब्रुवारी
मस्टर पुढे केलं. "इथे" म्हणालो. विजयाबाईंनी सही केली. मग पेन बंद करत विचारलं, आता पाय कसा आहे, नारायणराव?
पहिल्यांदाच नावानं.
बरा आहे, म्हणालो. दुखतोय अजून.