लाल मुठीचा तवा

३ जून, दुपारचे सव्वाचार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसत होतो, तेवढ्यात तुझं पत्र आलं. हात धुऊन वाचलं. खारूला कॉलेजात प्रवेश मिळाला हे वाचून आनंद झाला, पण तो पुढच्या ओळीपर्यंतच टिकला. वसतिगृहाच्या खाणावळीत सगळ्यात शेंगदाण्याचा कूट, आणि खोलीत शेगडी लावायला बंदी. तेव्हा तिला निर्धास्त जेवता येईल अशी एक तरी स्वस्त जागा कॉलेजच्या आसपास मी शोधायची, आणि नाही सापडली तर भाऊजी तिला पाठवणार नाहीत. ताई, पोरीचं कॉलेज आणि पोरीचा जीव, दोन्ही तू माझ्या हातात दिलेस. मी आठवीत शाळा सोडलेला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. पाटीवर चुकलं तर पुसता तरी येतं.

तिला माझ्याकडेच जेवायला बोलावलं असतं, पण दुकानाच्या माळ्यावर आम्ही तिघे रंगारी झोपतो आणि आमचा स्वयंपाक म्हणजे चहा.

गेल्या वर्षी मैत्रिणीकडच्या दाण्याच्या एका बिस्किटाने तिचा गळा सुजला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्या शेजारीच होतो. आत ती श्वास ओढत होती, तो आवाज अजून कानातून जात नाही.

आज दोन जागा पाहिल्या. सूपवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की शेंगदाणा त्याच्या दारातसुद्धा येत नाही. बाहेर पडलो तर त्याचाच आचारी पायरीवर बसून शेंगा फोडत होता. नूडल्सवाल्याला तेल कसलं म्हणून विचारलं, तर त्याला वाटलं मी सरकारी तपासनीस. त्याने मला फुकट खाऊ घातलं, पण तेलाचं काही सांगितलं नाही.

लोभ आहेच. या कामात माझं काही चुकलं तरी तो राहू दे.

तुझा,
रंग्या

८ जून

चि. रंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तपासनिसावर सगळे हसले. तुझे भाऊजी म्हणाले, रंग्या इतका भित्रा आहे की तो ज्या जागेला हो म्हणेल तिथे मी डोळे मिटून मुलीला पाठवीन. तेव्हा तुझा भित्रेपणा जन्मात पहिल्यांदा कामी येतोय, बरं का. खारूचं म्हणणं असं, की मामाने तिच्या नावावर चैन चालवलीय.

लहानपणी गालात पाव कोंबून बसायची म्हणून आपण हौसेने तिचं नाव खारूताई ठेवलं, आणि त्याच बाईला शेंगदाणा विष निघावा! ती रोज बॅग भरते आणि रोज उपसते. मी जाता-येता तिचा श्वास ऐकते. तिला कळलं तर चिडेल.

दोनशे पाठवतेय. पोटभर जेव, पण स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणू नकोस. ती एक तारखेला निघेल, त्याआधी कळव.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडली. सातवी जागा. नवरा गल्ल्यावर बसतो, बायको रांधते. तिला सगळी मुलं मावशी म्हणतात. अंडी, बटाटे, भात, पाव, बस. तेल सूर्यफुलाचं. काम संपवून रोज सव्वाचारला तिथे जेवतोय, आज आठवा दिवस. मावशींनी सगळे डबे उघडून दाखवले, दोन्ही तवे पालथे करून दाखवले. शेवटी म्हणाल्या, बाबा, एवढं बारकाईने तर माझ्या सासूनेही पाहिलं नव्हतं.

शेंगदाणा घरात नाही. मी हो म्हणतो. त्यांची नवी पाटी रंगवायचं कामही मलाच मिळालंय.

माया आहेच, भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
रंग्या

२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र रद्द समज. खारूला पाठवू नकोस.

आज पाटीसाठी माप घ्यायला दुपारी एक वाजता गेलो. कॉलेज सुटलेलं, रांग रस्त्यापर्यंत. दोन तव्यांवर भागेना. मावशींनी मागच्या भिंतीतली खिडकी उघडली आणि शेजारच्या खाणावळवाल्याला हाक मारली. त्याने आपला तवा आत दिला. त्याला तांबूस रस्सा चिकटलेला. मावशींनी फडक्याने पुसला आणि त्यावर अंडी फोडली. शिडीवरून उतरून विचारलं. तो रस्सा दाण्याच्या कुटाचा.

मावशींना नवल वाटलं. म्हणाल्या, अरे, गर्दीला रोजचंच आहे हे, पुसून तर घेतला! त्यांनी खोटं सांगितलंच नव्हतं. त्यांच्या घरात शेंगदाणा नाहीच. मी सव्वाचारला बघत राहिलो, मुलं जेवतात एक वाजता. ताई, हे आठ दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही. पाटीचं काम नसतं, तर आलंच नसतं.

तुमच्या शेजाऱ्यांचा फोन लागत नाही. हे पत्र मिळताच उलट टपाली कळव. रागाव, पण कळव.

रंग्या

२ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामाचं २३ तारखेचं पत्र तुला मिळालेलं नाही. ते मी पोस्टमनकडून घेतलं आणि बॅगेत लपवलं. आधी मनसोक्त ओरडून घे, मग पुढे वाच.

ते पत्र बाबांनी वाचलं असतं, तर मी जन्मभर तुझ्या स्वयंपाकघरात बसले असते. आज एक वाजता मी बॅगेसकट थेट मावशींच्या रांगेत उभी राहिले. आधी काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी दिलेली सुई गल्ल्यावर ठेवली आणि सांगितलं, आधी ओठ सुजतील, मग गळा, मग श्वास अडेल. असं झालं तर ही मांडीत टोचायची. आई, मी इतकी घाबरले होते की माझाच आवाज मला ओळखू येईना. मागून एक जण म्हणाला, बाई, जेवायचंय की भाषण करायचंय?

मावशी सुईकडे बघत राहिल्या. मग हात पुसले आणि मागची खिडकी लावून घेतली.

मला जन्मभर कुठे ना कुठे जेवावं लागणार आहे. प्रत्येक ठिकाणी मामा माझ्या आधी जाऊन जेवणार आहे का?

रागावलीस तरी पत्र पाठव. बाबांना नमस्कार.

तुझी,
खारू

३ जुलै, सकाळचे पावणेसात

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अजून रंगाचा डबा उघडलेला नाही. खारूचं पत्र याच पाकिटात आहे, आधी ते वाच.

काल एक वाजता मी शिडीवर होतो. पाटीचं एकच अक्षर उरलं होतं. खाली पाहिलं तर रांगेत खारू. तुझं उत्तर आलं नव्हतं, तरी मी समजत होतो की ती घरी आहे. शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. रंगाचा डबा एका मुलाच्या बुटावर सांडला, त्याने मला जे म्हटलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. मी पोचलो तोवर तिचं बोलून झालं होतं.

मावशींचा नवरा म्हणाला, खिडकी बंद केली तर गर्दीला तवे कुठून आणू? मी म्हटलं, पाटीचे पैसे देऊ नका, तवे आणा. मग मीच धावत जाऊन तीन आणले. दोन गर्दीसाठी. तिसऱ्याची लाकडी मूठ लाल रंगवली. तो वेगळ्या खिळ्याला टांगला, फक्त खारूचा. उलथनं आणि फडकंही त्याच्याच शेजारी. खिडकीवर माझी एक जुनी पाटी ठोकली. त्यावर अर्धवट पुसलेलं ‘उघडे आहे’ असं दिसतं. मावशी हसून हसून बेजार झाल्या.

मग खारू जेवली. मी समोर बसून तिचे ओठ बघत होतो. ती म्हणाली, मामा, असा बघत बसलास तर शेंगदाण्याशिवायच घास अडकेल. मी खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. अर्धा तास गेला, तिला साधा ठसकाही लागला नाही. मला मात्र बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं.

माझी भीती गेलेली नाही. रोज एक वाजता जाऊन लाल मूठ कुठे टांगलीय ते बघेन. भाऊजींना सगळं सांग, माझी आठ दिवसांची चूकसुद्धा. तिला न्यायला येणार असतील तर येऊ देत. फक्त एक वाजता यावं आणि तिच्या शेजारी बसून जेवावं, मग ठरवावं.

तू पाठवलेल्या पैशांचा हिशेब देतो. लोभाचा हिशेब तुझ्याकडेच ठेव.

तुझा,
रंग्या

तू पाठवलेले २००.
सात जागांचं खाणं १८६.
खिळे ४.
शिल्लक १०, खारूकडे दिले.
पाटीची मजुरी ३००, त्यातून तीन तवे २८५. उरलेले १५ मावशींना परत. लाल रंग माझा.
देणं १२, मावशींना. कालच्या एका ताटाचे, पण त्या घेत नाहीत. ते ताट माझं होतं. तसंच भरलेलं परत गेलं.