सोंगांच्या वाडीतले सहा गुंठे

मी, गंगाराम सोनू शिगवण, वय वर्षे ७२, धंदा नमनाच्या खेळासाठी सोंगे म्हणजे मुखवटे करणे, राहणार बोरवाडी, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सन २०१९ चे माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात रस्त्याकडेची सहा गुंठे जागा मुलाला देऊन, ती काशीराम रेवाळे यास कधीही विकू नये अशी अट मी घातली होती. त्या अटीचे कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम १. राहते घर, मागची पडवी व बँकेतील ठेव पत्नी सौ. गोदा हिला. तिच्या पश्चात मुलगा दीपेश यास. दीपेश मुंबईत नोकरीला आहे. त्याने सोंगांना कधी हात लावला नाही व माझ्याकडे कधी काही मागितलेही नाही.

कलम २. रावणाचे, गणपतीचे व राक्षसांचे असे सर्व साचे, पटाशा, रंगाची भांडी आणि चिंचोक्याची खळ शिजवायचे पातेले मुलगी वेदिका हिला. सोंग करायला ती माझ्याकडे शिकली नाही. समोर काशीरामच्या कारखान्यात, मुकुटांच्या साच्यांवर हात बसवून शिकली. मी तिला जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, तुमी कदी साच्याला हात लावू दिलात?" त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी बोललो नाही. तिने केलेला रावण शिमग्यात नाचला तो मी गर्दीच्या मागे उभा राहून पाहिला. नाकाचा उठाव माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तिला सांगितलेले नाही. इथे लिहितो.

कलम ३. बोरवाडीत सोंगे करायला पहिली सुरुवात मी केली, सन १९७८ मध्ये. अठरा वर्षे मी एकटाच होतो. नमनाची मंडळे यायची, सोंगे घ्यायची, कपडे चिपळूणला, पडदे मुंबईला शोधत जायची. सन १९९६ मध्ये काशीराम मुंबईहून परत आला. तिथे तो नाटकांचे मुकुट करणाऱ्या दुकानात कामाला होता. त्याने माझ्या दारासमोर मुकुटांचे काम मांडले. आम्ही एका वर्गात शिकलेलो, तरी त्याचा धंदा बुडावा म्हणून मी ग्रामदेवतेला नारळ ठेवला.

धंदा बुडाला नाही. मुकुट घ्यायला आलेली मंडळे माझ्याकडून सोंगे नेऊ लागली. काशीरामने केळशीच्या संध्याताईंना शिवणकामासाठी आपली पडवी दिली. मग पडदे रंगवणारे आले, दिवे व आवाजाचे सामान भाड्याने देणारे आले, खाणावळ निघाली. मंडळ सकाळच्या गाडीने यायचे आणि सगळा खेळ घेऊन संध्याकाळी परतायचे. मुंबईला गेलेली अकरा माणसे घरी परतली. माझेही काम तिपटीने वाढले. तरीही समोर गिऱ्हाईक थांबलेले दिसले की मला जेवण जात नसे.

एकदा कॉलेजची माणसे कारखाने मोजायला आली. सतरा भरले. हे कोणी उभे केले, असे त्यांनी विचारले तेव्हा सगळ्यांनी काशीरामकडे बोट दाखवले. काशीरामने माझ्याकडे दाखवले. ते मला जास्त लागले.

कलम ४. पावसात कागदाची सोंगे बुरशी धरतात. म्हणून सन २०२१ मध्ये सर्व कारागिरांसाठी सामाईक वाळवण व कोठार बांधायची सरकारी योजना मंजूर झाली. तिला रस्त्यालगतची जागा हवी होती आणि तशी माझीच होती. काशीराम घरी आला. म्हणाला, "गंगाराम, तुजाच नाव लाव, माजा नको. पन जागा दे. सोंगा कुजतात रे."

मी सांगितले की चुलत भावांची हरकत आहे. ते खोटे होते. चुलत भावांना काहीच माहीत नव्हते. त्यांच्या नावाने हरकतीचा अर्ज मीच टाकला होता. योजना परत गेली. त्या पावसात सहा जणांचा वर्षाचा माल गेला. चार कारखाने दापोलीला हलले, दोन कुटुंबे पुन्हा मुंबईला गेली. काशीरामला खोट बसावी, एवढ्यासाठी मी सगळ्या वाडीचे नुकसान केले आणि काही दिवस मला बरे वाटले.

सबब सदर सहा गुंठे जागा, आंब्याच्या दोन कलमांसह, बोरवाडीच्या कारागीर संस्थेस वाळवण व कोठारासाठी विनामोबदला देतो. पाटीवर काशीरामचे नाव लावू नये. माझेही लावू नये.

कलम ५. काशीरामला मी काही देत नाही. साक्षीदार लाभार्थी नसावा असे वकिलांनी सांगितले, म्हणून मी त्यालाच साक्षीदार नेमले. त्याला काही द्यावे लागू नये हे एक कारण. हा कागद त्याने मी जिवंत असताना वाचावा हे दुसरे.

सहीपूर्वी हाताने लिहिलेला मजकूर: आज वकिलांच्या कचेरीत काशीरामने न वाचताच सहीची जागा विचारली. मी आधी वाचायला लावले. चौथ्या कलमावर तो थांबला, मग चष्मा काढून म्हणाला, "ता मला तवाच म्हायत होता. अर्जावरचा अक्षर तुजाच." साडेतीन वर्षे त्याने हे वाडीत कोणाला कळू दिले नाही. वेदिकालासुद्धा नाही. त्याच्या जागी मी असतो तर दुसऱ्याच दिवशी सगळ्या वाडीत बोभाटा केला असता. मरायच्या आधी त्याच्या मुकुटांचा हेवा सुटेल. त्याच्या या गप्प राहण्याचा सुटणार नाही.

लिहून ठेवणार: गंगाराम सोनू शिगवण (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून आम्ही एकमेकांसमोर सह्या करतो.
साक्षीदार १: काशीराम भागोजी रेवाळे, बोरवाडी (सही)
साक्षीदार २: डॉ. दीपक यशवंत गोरिवले, मंडणगड (सही)

ठिकाण: मंडणगड
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५