‘गप्प’ शब्दापुढची ओळ

ता. ४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय; प्रत्येक पायरीला नावं ठेवत जिना चढतात. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, ते अखेर नीट झालं. छापखान्यात नवं यंत्र आलंय. त्याच्या आवाजात मालक काय बोलतात ते ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे खूश आहेत.

तुझ्या पुस्तकाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आली तेव्हा दाजी गुडघा विसरून शेजारच्या चार दारांत वर्तमानपत्र दाखवून आले. मलाही आनंद झाला. झालाच. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईचा मुलगा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो, त्याच्या पुस्तकावर लोक भांडतात, ही काय लहान गोष्ट आहे?

एक गंमत सांगायची राहिली. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तू मला प्रत पाठवली नव्हतीस. ‘ताई, तुला जड जाईल,’ म्हणालास. आता दुसऱ्या आवृत्तीचं काम फिरत फिरत आमच्याच छापखान्यात आलंय आणि प्रुफं माझ्याच टेबलावर. तेवीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधतेय. तू तरी कसा सुटशील! एकतीस निघाल्या. पान अठ्ठ्याऐंशीवर ‘शोषण’चं ‘पोषण’ झालं होतं. तसंच गेलं असतं तर तुझा अख्खा सिद्धान्त डोक्यावर उभा राहिला असता.

जड वगैरे काही गेलं नाही. तिसरं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. जुन्या दफ्तरांत चाकरांची नावं नसतात, नुसते आकडे असतात, आणि त्याच कागदावर खाली भांडी आणि कंदील मोजलेले असतात, हे वाचून मी पेन खाली ठेवलं. शब्दाचा अर्थ ठरवायचा हक्क ज्याच्याकडे, समाज त्याचा, हे तुझं म्हणणं मला पटलं. अगदी मनापासून पटलं.

पुरस्काराच्या सोहळ्यात मी आईबद्दल बोलावं म्हणून तू जे लिहून पाठवलंस, तेही वाचलं. छान टाइप केलंय. एकदोन ठिकाणी विचारायचं होतं, पण ते राहू दे. यायला जमतंय का बघते.

आणि हो, सहजच. आईची ती निळी वही तू वाचायला नेलीस आणि घर बदलताना हरवली. खोकी पुन्हा एकदा बघशील का? अकरा वर्षं झाली, मला ठाऊक आहे. प्रुफं वाचताना आठवण झाली, इतकंच.

वहिनींना मी विचारल्याचं सांग. थंडीत छातीला जप.

तुझी ताई


ता. १९ नोव्हेंबर

धाकट्या,

पत्राऐवजी तुझा फोन आला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला येतं. म्हणून जे बोलणं झालं ते लिहूनच ठेवते. उद्या ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ व्हायला नको.

मी म्हटलं, “पहिल्याच पानावर लिहिलंयस, ‘माझी आई निरक्षर होती. तिच्या मौनातून मी भाषा शिकलो.’”

तू म्हणालास, “ताई, प्रुफात शुद्धलेखन बघायचं असतं.”

“तेच बघितलं. ‘निरक्षर’ शुद्ध लिहिलंयस. पण ते खोटं आहे.”

“अगं, ते असं शब्दशः घ्यायचं नसतं. एका सबंध वर्गाबद्दल आहे ते. आई तिथे प्रतीक आहे.”

“आई लाँड्रीत होती,” मी म्हटलं.

तू हसलास. मग मी वहीचं विचारलं, तर आधी म्हणालास, “कुठली वही?” आणि जरा वेळानं, चिडून, “होतं काय त्या वहीत? चार शब्द! मी घेतले म्हणून लोकांपर्यंत गेले. नाहीतर ट्रंकेत वाळवीच लागली असती.”

“हरवली होती ना?”

“सापडली. नंतर.”

“नंतर म्हणजे कधी?”

त्यावर तू एवढंच बोललास, “तू व्यासपीठावर आलीस तर बरं दिसेल, ताई.”

मी फोन ठेवला. दाजींनी विचारलं, कोणाचा होता? मी म्हटलं, चुकीचा नंबर.

वही हरवली त्या दिवशी तू रडत फोन केला होतास, आठवतं? तेरा मार्च, आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. आम्ही बाहेर निघालो होतो. मी जिन्यात उभी राहून अर्धा तास तुझी समजूत काढली. ‘जाऊ दे रे, वही गेली म्हणून आई थोडीच जाते,’ असं मीच म्हटलं. मग घरी येऊन तोंड धुतलं, कारण दाजींना दिसायला नको होतं.

चार शब्द म्हणतोस. इस्पितळाच्या लाँड्रीत वाफेनं आईची बोटं सुजलेली असायची, तरी जेवणाच्या सुट्टीत ती पेन्सिल धरायची. डावीकडे शब्द, मग आडवी रेघ, मग अर्थ. ‘साहेब – ज्याच्या खोलीत शिरताना आपण आपोआप हात पुसतो तो.’ ‘आराम – डॉक्टरांनी सांगायची गोष्ट.’ पहिला तुझ्या पान एकशे बारावर आहे, दुसरा पान एकशे चाळीसवर. दोन्ही ठिकाणी वाक्याची सुरुवात ‘मला असं वाटतं’ अशी. तुला वाटतं! तुला त्या लाँड्रीत पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. साबणाच्या वासानं उलटी यायची.

आईला लिहिता येत होतं असं कबूल केलंस, तर ते विचार तिचे ठरतात. म्हणून तिला निरक्षर करावं लागलं. एवढं साधं आहे हे.

रविवारी मी इस्त्रीच्या मावशींकडे गेले. आई चादरी धुवायची आणि त्या इस्त्री करायच्या, म्हणून आपण त्यांना तेच नाव दिलं होतं. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऐकू कमी येतं, पण विसरत काही नाहीत. मी सोबत प्रुफं नेली होती. त्यांना लाँड्रीवरचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘या स्त्रियांनी अक्षर कधी मागितलंच नाही,’ इथवर आले तर त्यांनी हातानं थांबवलं.

“हे कुठल्या बायकांचं चाललंय?”

“तुमचंच, मावशी.”

“आमचं? अगं, तुझ्या आईनं आम्हा नऊ जणींना शिकवलं. खिडकीच्या काचेवर वाफ धरायची ना, त्यावर बोटानं. एकीनं अक्षर काढलं की दुसरीनं पुसायच्या आत वाचायचं. मुकादम आला की काच पुसून मोकळ्या.” मग म्हणाल्या, “वाच पुढं.”

पुढे ते वाक्य होतं, ज्याचं परीक्षणांत एवढं कौतुक झालं: ‘ज्यावर कोण झोपलं होतं ते कळत नाही, ते स्वच्छ.’ मावशी एकदम सरळ बसल्या.

“हे तर मी म्हटलं होतं. सव्वीस नंबरच्या खाटेवरचा म्हातारा गेला, त्याची चादर हातात होती तेव्हा. तुझी आई म्हणाली, थांब, लिहून घेते. आणि खाली माझं नाव घातलं होतं तिनं. वाचूनही दाखवलं.”

नाव होतं, धाकट्या. मला आठवतंय, कंसात, बारीक अक्षरात. अशी कितीतरी नावं होती वहीत. चाकरांची नावं दफ्तरात नसतात म्हणून तू तीस पानं लिहिलीस. नावं असलेलं एक दफ्तर तुझ्या हातात होतं, त्यातली तू खरवडलीस.

निघताना मावशींनी विचारलं, “मी अजून जिवंत आहे, हे त्याला माहीत नाही का?”

इथपर्यंत लिहून मी चहा करायला उठले होते. पुढचं लिहायचं टाळत होते, खरं तर. पण तुझं सगळं उघडं करायचं आणि स्वतःचं झाकून ठेवायचं, हे बरं नाही.

तुझी चोरी मला ‘साहेब’वरून कळली नाही, ‘आराम’वरूनही नाही. ते तू आईच्या तोंडून ऐकलं असशील, असं मी स्वतःला दोन दिवस समजावत होते. माझी खात्री मलपृष्ठानं केली. तिथे मोठ्या अक्षरात तुझं वाक्य आहे: ‘गप्प – ज्याला कुणी विचारलं नाही तो.’ खाली तुझं नाव. निवड समितीनं म्हणे या एका ओळीत सगळं पुस्तक आलंय असं म्हटलं.

ते वाक्य तुझं नाही. आईचंही नाही. माझं आहे.

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी वही उघडली. शेवटच्या पानावर तिनं ‘गप्प’ लिहून रेघ मारली होती आणि पुढे काहीच नव्हतं. मी तिचीच पेन्सिल घेतली आणि तिच्या वळणाचं अक्षर काढून ती ओळ लिहिली. तिचा ‘ग’ जरा लंगडा असायचा, तोसुद्धा जमवला. का लिहिलं, ते आजही सांगता येत नाही. कुणाला कधी सांगितलं नाही. ती ओळ वही सोडून दुसरीकडे कुठेच नव्हती.

आणखी एक. तुला वही देण्याआधी मी लाल पेन्सिलीनं तिचं शुद्धलेखन तपासलं होतं, पानोपान. प्राध्यापक भावाच्या हातात जाणार, आईच्या चुका दिसायला नकोत, म्हणून. तुला तिची लाज वाटली हे मला कळतं, कारण मलाही वाटली होती. मी तिचे ऱ्हस्व-दीर्घ बदलले. तू तिला अख्खीच बदललीस. अंतर आहे, पण तू म्हणशील तेवढं नसेलही.

आणि लाज वाटते सांगायला, पण मलपृष्ठावर ती ओळ छापलेली बघून पहिल्यांदा क्षणभर मला आनंद झाला होता.

आता ऐक. मी मालकांना सांगितलं की प्रस्तावनेतलं विधान चूक आहे. ते म्हणाले, “बाई, लेखक म्हणेल ते खरं. आपण छापणारे.” त्यांचंही बरोबर आहे. म्हणून मी समासात माझं काम केलं. प्रस्तावनेतल्या त्या ओळीशेजारी लिहिलं, ‘विधान चूक. लेखकाच्या आईला लिहिता-वाचता येत होतं.’ मलपृष्ठावर लिहिलं, ‘हे वाक्य लेखकाचं नाही.’ दोन्हीखाली सही केली. प्रुफं आज तुझ्याकडे निघाली. मान्य असेल तर दुरुस्त कर, नसेल तर शेरे खोड. पण खोडायचे तर तुझ्या हातानं खोड.

सोहळ्याला मी येणार नाही. तू माझ्यासाठी लिहिलेलं भाषण सोबत परत पाठवतेय. ‘आईला अंगठा उठवताना मी पाहिलंय,’ हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

वही परत कर. माफी नको.

ताई


ता. ११ डिसेंबर

प्रुफं परत आली. माझे दोन्ही शेरे तू खोडलेस. पट्टी लावून, सरळ रेघेनं. मालकांनी पुस्तक छपाईला घेतलं आणि छपाईच्या दोन दिवसांची मला सुट्टी दिली. मी न मागता.

मावशी सोहळ्याला गेल्या होत्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, “का? मला कोण अडवणार?” लेकीला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. तुझ्या भाषणात आईचा अंगठा आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. बोलल्या काही नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. आयोजकांना वाटलं म्हातारीला बाहेर जायचंय. दोघांनी दोन बाजूंनी धरून अगदी अदबीनं दारापाशी नेलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “ओळखलं गं त्यानं मला. पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.”

वही काल पोचली. सोबत चिठ्ठी नाही. वहीला तू प्लॅस्टिकचं वेष्टन घातलंयस, एकही पान दुमडलेलं नाही. फार जपलीस, हे म्हणायला हवं. पानापानावर तुझ्या निळ्या पेनाच्या खुणा आहेत, आणि पहिल्या खुणेशेजारी, तुझ्या सवयीप्रमाणे, तारीख. चौदा मार्च, अकरा वर्षांपूर्वीची. म्हणजे आदल्या दिवशी मी जिन्यात उभी राहून तुझी समजूत काढत होते, तेव्हा ती तुझ्यासमोर टेबलावर होती.

मी ती तारीख पुन्हा पुन्हा वाचली. प्रुफं वाचायची सवय आहे, म्हटलं आपलीच नजर चुकत असेल.

दुपारी खोडरबर घेतला आणि शेवटच्या पानावरची माझी ओळ पुसली. आईनं जिथवर लिहिलं होतं तिथवरच आता पान आहे. माझी लाल पेन्सिल मात्र कशानंच निघत नाही. ती तशीच राहील. मलपृष्ठावरची ओळ तुझ्याकडे ठेव, तुझ्या नावासकट.

यापुढे पत्र लिहावंसं वाटलं तर लिही. वाचीन.

आईची थोरली