मोरीतला माईक

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, भावजींचा खोकला गेला की अजून तुझ्या उशाशीच खोकतात, ते कळव. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोन का करत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर बोलायची आता मला भीती वाटते, म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं सगळं गोळा करून लिहायला बसलेय. अक्षराला हसायचं नाही. (कागद दुकानातल्या पावत्यांचे आहेत. कोरी बाजू तुझी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी पँटचं माप आहे.)

तुझी भाची ढोल बडवते हे तुला माहीत आहे. ढोल म्हटलं की रागावते, ड्रम म्हणायचं. ती, गिटारवाला लांबड्या आणि एक गाणारी चिडकी, असा तिघांचा बँड. नाव काय, तर 'बिघाड'. मी म्हटलं, अगं जरा बरं नाव ठेवा, तर म्हणे आई तुला नाही कळायचं. आमच्यात बिघाड आहे असं विकायच्या आधीच सांगणारे मी तरी हेच पाहिले. तर या बिघाडाची पहिली रेकॉर्ड निघालीय. आपल्या लहानपणी असायची तशी, काळी, ताटाएवढी. कंपनी नाही, मालक नाही, सगळं म्हणे आपलं आपण करायचं. आपलं आपण म्हणजे माझ्या घरात.

गाणी भरायला लांबड्याचा एक मित्र आला. बोलताना, जेवताना, जिना उतरताना त्याच्या कानावर त्या दोन वाट्या असतातच, म्हणून मी त्याला कानटोप्या म्हणते. त्यानं खिडक्यांवर माझ्या गाद्या टांगल्या, कपाटाला रजया गुंडाळल्या. आठ दिवस आम्ही नवराबायको सतरंजीवर. नळ सोडायचा नाही, भांडं आपटायचं नाही, शिंकायचं असेल तर जिन्यात जायचं. (मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी शेजारीण विचारायला आली, घरात कुणी गेलं का.)

आता नीट वाच. कानटोप्याला आवाज घुमवून हवा होता. घुमणारी जागा आमच्या घरात एकच, मोरी. म्हणून त्यानं तिथे एक स्पीकर ठेवला आणि टॉवेलामागे माईक बांधला. गाणं स्पीकरमधून वाजणार, मोरीत घुमणार आणि घुमलेलं हा परत पकडणार. हे मला कुणी सांगितलं नाही. ते म्हणतात सांगितलं होतं. असेल, मी शिलाईच्या मशीनवर असेन, आणि मशीन चालू असताना देव बोलला तरी मला ऐकू येत नाही. आणि घर पोरांनी भरलेलं असताना बाईमाणसाला चार शब्द खाजगी बोलायला जागा कुठली, तर तीच. मी मोरीची कडी लावली आणि तुला फोन केला.

काय बोलले ते तुला आठवत असेलच. छातीत डाव्या बाजूला गाठ लागतेय, कोटाच्या बटणाएवढी. ह्यांना सांगू नकोस, पोरीला सांगू नकोस, कुणाला सांगू नकोस. (पुढे मी दाखवून आले, डॉक्टर म्हणाले काही नाही, हे तुला कळवलंच. तो विषय संपला.)

विषय संपला, पण ते बोलणं रेकॉर्डवर गेलंय. शेवटचं, सहावं गाणं थांबतं, जरा शांत होतं, आणि मग मी बोलते. 'डाव्या बाजूला. कोटाच्या बटणाएवढी. कुणाला सांगू नकोस.' एवढंच कापून ठेवलंय. पोरीनं मोठ्या कौतुकानं ऐकवलं. म्हणाली, आई, किती खरा आवाज आहे तुझा, कशाबद्दल बोलत होतीस गं. मी म्हटलं, दुकानातल्या कोटाच्या अस्तराला डाव्या बाजूला भोक पडलंय, ते मालकाला सांगू नकोस म्हणत होते. तिला पटलं. ढोलापुढे त्या मुलीला कधी काही ऐकू आलंय.

भीती तिची नाही, ह्यांची आहे. तुझे मेहुणे तोंडानं कमी, पण कान कसा आहे तुला ठाऊक आहे. गॅरेजात इंजिनाला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावतात आणि झाकण न उघडता सांगतात, तिसऱ्या सिलिंडरात आवाज आहे. शनिवारी संध्याकाळी एका सायकल दुकानाच्या तळघरात रेकॉर्ड सगळ्यांना ऐकवायचा कार्यक्रम आहे, तिथे असा माणूस पहिल्या खुर्चीवर बसून पोरीची रेकॉर्ड ऐकणार. शर्टाला इस्त्री आत्ताच करून ठेवलीय, गॅरेजभर सांगून झालंय. गाठ काही नसली तरी त्यांना काय वाटेल, आणि मी लपवलं म्हणून काय वाटेल, हाच विचार डोक्यात. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. अंघोळ तोंड मिटून करते. आधी टॉवेल झटकते.

पोरीला म्हटलं, माझं बोलणं काढून टाक. म्हणाली, छापून झालंय. तीनशे रेकॉर्डी, खोकी माझ्या मशीनला लागून रचलीत. मग कानटोप्याला गाठलं. त्यानं मला मान म्हणून एक कान मोकळा केला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, काकू, तुम्ही नसाल तर रेकॉर्डला शेवटच नाही. मी म्हटलं, तुझा शेवट मी करते थांब. वाटी परत कानावर.

मग काल दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी एक रेकॉर्ड काढली आणि जाड कापडाची सुई घेऊन शेवटच्या रेघांवर दाबून ओरखडा काढला. म्हटलं एकीवर जमलं तर सगळ्यांवर काढू, पाच दिवस आहेत. खात्री करायला पोरीच्या यंत्रावर लावली. ताई, तो काटा माझ्या ओरखड्याला अडला आणि तिथेच फिरायला लागला. कुणाला सांगू नकोस. कुणाला सांगू नकोस. कुणाला सांगू नकोस. मोरीतलं घुमणं, त्यात मोठा स्पीकर. बटण सापडेना, काट्याला हात लावायचा धीर होईना, मी त्या यंत्राला गप्प बस गप्प बस म्हणतेय, आणि दारात हे, हातात डबा.

त्यांनी दोन बोटांनी काटा उचलला. रेकॉर्ड उजेडात धरली.

"सुईनं केलंस?"

"हो."

"काय सांगू नकोस?"

"कोटाचं. अस्तराचं."

"अस्तराचं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. गाडी कुठेच ठोकलेली नाही असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा हे असेच बोलतात. तेव्हापासून नुसते जेवतात, खोक्यांकडे बघतात. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता.क. : दाखवून आले म्हणाले होते ते खोटं. दोनदा दवाखान्यात गेले, बाकावर बसले, तिथल्या गाऊनांच्या शिवणी किती वाईट आहेत ते बघितलं आणि नंबर यायच्या आत उठून आले. गाठ आहे तिथेच आहे, बटण थोडं मोठं झालंय. आता सोमवारी सकाळी दहाचा नंबर आहे. तू शनिवारी ये. घरी सांगायचं, भाचीच्या रेकॉर्डला आले. सोमवारी मला दंडाला धरून आत ने. मी शिव्या दिल्या तर तूही दे, पण दंड सोडू नकोस.

आणखी ता.क. : पाकिटाला डिंक शोधत होते, तर ह्यांनी खोक्यातून दुसरी रेकॉर्ड काढून लावली. थेट सहावं गाणं. स्पीकरला कान टेकवून शेवटपर्यंत ऐकलं. मग यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तारीख कधीची आहे?" मी म्हटलं, सोमवार. म्हणाले, "रजा टाकतो." नंतर पाणी प्यायला उठले, तर रिकामाच पेला तोंडाला लावला आणि ठेवून दिला. तेव्हा मला न्यायला आता माणूस आहे, पण तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय. दोघांना एकटीनं कशी सांभाळू. तू येच.